साताऱ्याची वस्त्रे आणि साष्टीचे दान : मराठी राज्याच्या अलिखित घटनेचा एक विचार

राज्यघटना हा शब्द उच्चारताच आपल्याकडील विद्यार्थ्याच्या मनात २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेला ग्रंथ उभा राहतो. आणि घटना अलिखितही असू शकते असे सांगितले की त्याचे मन थेट इंग्लंडकडे धाव घेते. या दोहोंच्या मध्ये, त्याच्याच भाषेत दीडशे वर्षांजवळ कारभार चाललेले एक राज्य होते आणि त्या राज्यालाही संहिताबद्ध घटना नव्हती, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात क्वचितच येते. ती इतिहासाच्या खात्यात जमा झाली आहे. आणि इतिहासाच्या खात्यात गेल्यामुळे तिच्याविषयी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला: शाहू महाराजांच्या मागे राज्य छत्रपतींचे की पेशव्यांचे? प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. कायद्याने द्यावयाच्या उत्तराची अपेक्षा तो संकेताकडून करतो. आणि ते उत्तर मिळाले नाही म्हणजे कोणी पेशव्यांना राज्यापहारी ठरवितो, तर कोणी साताऱ्याच्या वस्त्रांना पोकळ समारंभ म्हणून निकालात काढतो.

प्रथम शब्दांविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. ‘अलिखित घटना’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी फसवा आहे. इंग्लंडच्या घटनेचा पुष्कळसा भाग लिहिलेलाच आहे: १६८९ चा हक्कांचा कायदा, १७०१ चा वारसाविषयक कायदा, १९११ आणि १९४९ चे पार्लमेंटविषयक कायदे, शिवाय न्यायालयांचे निर्णय आणि राजाच्या विशेषाधिकारातून उरलेला भाग. जे एका ठिकाणी लिहून काढलेले नाही, ते म्हणजे या सर्वांना चालते ठेवणारे संकेत. पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाला राजाने मान्यता नाकारावयाची नाही, हे कोणत्याही कायद्यात नाही. मात्र १७०८ नंतर एकाही राजाने ती नाकारलेली नाही. डायसीने १८८५ मध्ये कायदा आणि संकेत यांच्यामधील रेषा ठळक केली. संकेत न्यायालय बजावीत नाही. तरी तो पाळला जातो, कारण तो मोडणाऱ्याला लवकरच कायदा मोडण्याची पाळी येते, असे त्याचे उत्तर होते. जेनिंग्जने १९३३ मध्ये अधिक उपयोगी कसोटी दिली. एखादी वहिवाट संकेत आहे की नुसती सवय, हे ठरविण्यासाठी त्याने तीन गोष्टी विचारावयास सांगितल्या: पूर्वीचे दाखले कोणते, त्या दाखल्यांतील माणसे स्वतःला बांधलेली समजत होती काय, आणि त्या नियमाला काही कारण होते काय. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हीच कसोटी उघडपणे लावली, आणि संकेत आहे पण तो आम्ही बजावू शकत नाही, असा दुहेरी निर्णय दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, संकेत अमलात आणणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशीच भूमिका घेतली. तेव्हा ही कसोटी शिळी झालेली नाही; ती आपल्या घरच्या दप्तरावर लावून पाहण्यास हरकत नसावी.

मराठी राज्यात लिखित भाग कोणता होता? धर्मशास्त्र होते, दायभाग आणि दत्तक यांच्या वादात मिताक्षरा व व्यवहारमयूख यांचा आधार घेतला जाई. देशरिवाज होता, गोतसभा आणि मजालस यांनी दिलेले महजर होते, आणि त्यांच्या अभ्यासाचा पाया वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात घातला आहे. वतनपत्रे, सनदा, कौल, करार यांची तर गणतीच नको. राज्याभिषेकाच्या वर्षाचा म्हणून ओळखला जाणारा कानुजाबता अष्टप्रधानांची कामे वाटून देतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले आज्ञापत्र राजा, प्रधान, वतनदार, दुर्ग आणि आरमार यांच्याविषयीची नीती सांगते. मात्र ते कोल्हापूरच्या छत्रपतींच्या नावे निघालेले, आणि ज्या वृत्तिदानाविरुद्ध ते बजावते त्याच वाटेने साताऱ्याचे राज्य पुढे गेले. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या १७१९ च्या स्वराज्य, चौथ व सरदेशमुखीच्या सनदा हा आणखी एक उगम, आणि तो सर्वांत विलक्षण होय. मराठ्यांच्या अंमलाचा विस्तार ज्या कागदावर उभा राहिला तो कागद मोगल बादशहाचा होता. त्यातून आलेल्या उत्पन्नाची वाटणी मात्र घरची: चौथाईतली पाव ‘बाबती’ राजाची, बाकीचा ‘मोकासा’, आणि त्यातूनही ‘साहोत्रा’ व ‘नाडगौडा’ वेगळे काढलेले. सरदाराच्या लष्करात आणि महालात हुजुरातीकडून नेमलेले फडणीस, मुजुमदार इत्यादी दरकदार असत. सरदाराला त्यांना मनास येईल तेव्हा दूर करता येत नसे. हिशेबाच्या या जाळ्याला घटनात्मक अंकुश म्हणावे इतके त्याचे महत्त्व आहे. ते आपल्या अभ्यासकांनी महसुलाच्या प्रकरणात टाकून दिले, ही खेदाची गोष्ट आहे.

पूर्वसूरींच्या विवेचनातील अडचण येथेच दिसू लागते. रानड्यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या १९०० च्या ग्रंथात अष्टप्रधानांची तुलना आपल्या काळच्या व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाशी केली. ती तुलना त्यांच्या वाचकांना पटण्याजोगी होती. पण व्हाइसरॉयचे मंडळ पार्लमेंटच्या कायद्याने अस्तित्वात आलेले होते, आणि प्रधानमंडळ राजाच्या इच्छेने. एकाचे अस्तित्व कायद्याचे, दुसऱ्याचे वहिवाटीचे. म्हणून पदे वंशपरंपरागत झाल्याबरोबर दुसरे विरून गेले. सत्ता साताऱ्याहून पुण्यास कशी आली हे सांगताना रानड्यांनी १७५० च्या सांगोल्याच्या कराराला फार महत्त्व दिले. रामराजांनी सर्व कारभार पेशव्यांकडे सोपविण्याचे तेथे कबूल केले, हे खरे. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि पेशव्यांची सत्ता पुढे जी टिकली ती त्या कागदाच्या जोरावर टिकली नाही. सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२३ च्या ग्रंथाची भिस्त तर खात्यांवर आहे: गाव, परगणा, महसूल, न्याय, पोलीस, लष्कर. त्या ग्रंथाइतके साहित्य क्वचितच कोणी एकत्र केले असेल. पण खात्यांच्या विभागणीत खात्याखात्यांना बांधणारा दोरा हातून निसटतो. ग्रँट डफची गोष्ट निराळी. त्याला दप्तर पाहावयास मिळाले आणि त्याची नजर तीक्ष्ण होती. परंतु साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून त्याने वस्त्रांच्या प्रथेकडे पाहिले ते एखाद्या जुन्या शिष्टाचाराकडे पाहावे तसे.

आता वस्त्रांचाच दाखला घेऊ. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ, १७२० मध्ये पहिले बाजीराव, १७४० मध्ये नानासाहेब यांना शाहू महाराजांनी स्वतःच्या विवेकाने पेशवाई दिली. त्या वेळी दुसऱ्याचे नाव पुढे करणारी माणसे दरबारात होती आणि निवड खरीखुरी होती. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले. त्यानंतर साताऱ्याला निवडीचा अधिकार उरला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही १७६१ मध्ये माधवरावांनी आणि १७७२ मध्ये नारायणरावांनी वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घेतली. मुद्रेत छत्रपतींचे नाव आधी आणि स्वतःचे नाव ‘मुख्य प्रधान’ या नात्याने मागून, हा क्रम बदलला नाही. साताऱ्याच्या हद्दीत शिरताच पेशव्यांची नौबत बंद होई, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नमूद केले आहे.

जेनिंग्जचा पहिला प्रश्न येथे सुटला. दुसरा अधिक कठीण आहे, कारण माणसे मनात काय समजत होती याचा पुरावा सहसा कागदावर नसतो. तो मिळतो पेचप्रसंगात. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांच्या हाती पुणे होते, फौज होती. तरी साताऱ्याची वस्त्रे मिळवल्याखेरीज आपले आसन पक्के झाले असे त्यांना वाटले नाही, आणि ऑक्टोबरात ती त्यांनी मिळविली. बारभाईंनी उलट बाजूने तेच केले. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्या मुलाच्या नावे साताऱ्याहून वस्त्रे आली. सात-आठ महिन्यांच्या अंतराने एकाच रामराजांनी परस्परांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांना एकच पद दिले. हा प्रसंग सांगून वस्त्रे निरर्थक होती असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. मला तो नेमका उलटा वाटतो. निरर्थक वस्तूसाठी दोन्ही पक्ष साताऱ्याला धावत नाहीत. याहून बोलका दाखला १७९२ चा आहे. महादजी शिंदे बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले, तेव्हा नाना फडणिसांनी हरकत घेतली. बादशाही किताबातील महाराजाधिराजासारखी पदे छत्रपतींचा प्रधान धारण कसा करील, हा तिचा आशय होता; आणि साताऱ्याची संमती आणविल्यानंतरच समारंभ झाला. नानांच्या हरकतीत महादजींविषयीचे वैषम्य होते, हे कोणीही सांगेल. पण राजकारणी माणूस वैषम्य व्यक्त करण्यासाठी जो युक्तिवाद निवडतो तो ऐकणाऱ्यांना पटण्यासारखा असावा लागतो, आणि पुण्याच्या दरबारात हा युक्तिवाद पटण्यासारखा होता. संकेत जिवंत असल्याचे याहून चांगले लक्षण कोणते?

१७९६ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजी आप्पांना दत्तक देऊन त्यांना वस्त्रे देवविण्यात आली, आणि डिसेंबरात ती दुसऱ्या बाजीरावांना मिळाली. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चिमाजी आप्पा नात्याने सवाई माधवरावांचे चुलते. चुलत्याने पुतण्याचा पुत्र व्हावे हे शास्त्राला धरून नाही, म्हणून पुढे ते दत्तविधान रद्द ठरविण्यात आले आणि प्रायश्चित्त झाले. वस्त्रांचा संकेत वाकविता आला; दत्तकाचा कायदा मात्र शास्त्र्यांकरवी मोडून घ्यावा लागला. लिखित आणि अलिखित यांतला फरक त्या लोकांना आपल्याइतकाच कळत होता.

मग वस्त्रांचा संकेत नेमके काय ठरवीत होता? पेशवा कोणी व्हावे हे तो ठरवीत नव्हता. पेशव्याने कोणत्या नात्याने राज्य करावे, हे तो ठरवीत होता. शंभर वर्षांत एकाही पेशव्याने सिंहासनावर बसण्याचा, छत्र धरण्याचा, मुद्रेतून छत्रपतींचे नाव पुसण्याचा प्रयत्न केला नाही. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती, आणि ती मोडण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते असे म्हणता येणार नाही. या नियमाला कारणही होते, म्हणजे जेनिंग्जचा तिसरा प्रश्नही सुटतो: शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले हे सर्व छत्रपतींचे सेवक म्हणून पेशव्यांबरोबर एका पंक्तीत बसू शकत होते, पेशवा राजा झाला असता तर त्यांना एक तर त्याची प्रजा व्हावे लागले असते, नाही तर स्वतः राजा. संकेताने ही निवड टाळली. जे त्याने दिले नाही ते म्हणजे वारसाचा निर्णय आणि परराष्ट्राशी करार करण्याच्या अधिकाराचा निर्णय. त्या दोन रिकाम्या जागांतून राज्य फुटले.

पहिली रिकामी जागा आम्हा ठाणेकरांच्या पायाखाली आहे. ठाणे शहर, आणि हे टिपण जेथे लिहिले गेले ते त्यातील वर्तकनगर, साष्टी बेटावर वसलेले आहे. जो किल्ला पुढे कारागृह झाला तो पोर्तुगीजांच्या हातून १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीच्या फौजेने मराठ्यांकडून घेतला. ६ मार्च १७७५ ला सुरतेस रघुनाथरावांनी मुंबईकरांशी तह करून साष्टी आणि वसई कंपनीला देऊ केली. येथे विद्यार्थ्याने दोन्ही पक्षांच्या कायद्याचा विचार एकाच वेळी करावा. रघुनाथराव कोण होते? एकदा वस्त्रे मिळालेले, पण मे १७७४ नंतर ज्या पदाची वस्त्रे दुसऱ्याला गेली ते पद सांगणारे गृहस्थ. साष्टी देण्याचा अधिकार त्यांना होता असे मराठी संकेताने कोणत्याही रीतीने म्हणता येत नाही. आणि मुंबईचे कौन्सिल कोण होते? पार्लमेंटच्या १७७३ च्या नियामक कायद्याने, कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या संमतीवाचून लढाई आरंभण्यास किंवा तह करण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केलेले एक दुय्यम मंडळ. ज्याच्यापाशी देण्याचा अधिकार नव्हता त्याने, ज्याच्यापाशी घेण्याचा अधिकार नव्हता त्याला, साष्टी दिली. एकाने अलिखित संकेत मोडला, दुसऱ्याने लिहिलेला कायदा. आणि कायदा ताजा, दोन वर्षांचाही नव्हता.

पुढचा भाग मात्र सारखा नाही. कलकत्त्याने मुंबईचा तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पाठविले, आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह होऊन सुरतेचा तह रद्द झाला. कायदा मोडल्याचा जाब विचारणारे कोणी तरी होते. त्या जाबाचे मोल किती हे ठाणेकरांनी ठरवावे. कारण बेकायदा ठरलेल्या त्या व्यवहाराचे फळ, म्हणजे साष्टी, पुरंदरच्या तहानेही इंग्रजांकडेच राहू दिले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते कायम झाले. लिखित कायद्याची थोरवी सांगताना आपण या तपशिलावरून फार लवकर पुढे जातो.

दुसरी रिकामी जागा वसईची. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीशी तेथे जो तह केला त्याने सहा पलटणींहून कमी नसलेली तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणे न लावण्याचे बंधन स्वीकारले. शिंद्यांची तक्रार होती की सालबाईच्या तहाला आम्ही जामीन, आम्हाला विचारल्यावाचून हा तह कसा झाला? वेलस्लीच्या बाजूचे उत्तर असे की पेशवा स्वतंत्र सत्ताधीश आहे, त्याने कोणाला विचारावयाचे कारण नाही. बहुतेक इतिहासकारांनी शिंद्यांच्या तक्रारीत दुखावलेला मान पाहिला. मला तिच्यात घटनात्मक दावा दिसतो. सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने आणि जामिनकीने १७ मे १७८२ ला ठरला, आणि त्यावर पुण्याची मान्यता येण्यास त्या वर्षाची अखेर उजाडली. म्हणजे सरदाराचे बोलणे आणि पेशव्याच्या दरबाराची मोहोर, दोन्हींची गरज होती. दाखला एकच, हे खरे. परंतु जेनिंग्जच्याच मते सबळ कारण असेल तर एक दाखलाही संकेताला पुरतो. आणि ज्या सत्तेच्या फौजा सरदारांकडे विखुरल्या आहेत तिने सरदारांना न विचारता परराष्ट्राशी बांधून घेऊ नये, याहून सबळ कारण कोणते असणार? माझ्या दृष्टीने शिंद्यांची बाजू बरोबर होती. ती सिद्ध करण्याची जागा मात्र नव्हती, आणि निवाडा २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणांगणावर झाला. शिंद्यांचे सख्य आधीच होळकरांशी तुटलेले होते आणि हडपसरच्या लढाईनंतर बाजीराव पळाले होते, या गोष्टी त्या दाव्याला दुबळे करतात, खोटे करीत नाहीत.

डायसीचे तत्त्व येथे कामी येते, पण उलट्या रीतीने. संकेत मोडणारा इंग्लंडात अखेर कायद्याला अडखळतो, कारण दरवर्षी कर आणि फौज यांसाठी पार्लमेंटची मंजुरी लागते. पेशव्याला अडखळविणारे असे वार्षिक काही नव्हते. दरकदारांची जी हिशेबी व्यवस्था होती तिने सरदाराला हुजुरातीशी बांधले; हुजुरातीला कोणाशी बांधले नाही. मजालस वतनाचा वाद निवडी, पण पेशवाईचा वाद मजालशीपुढे आणण्याची वहिवाट पडली नाही. शाहू महाराजांनी मृत्यूपूर्वी दिलेल्या आज्ञांनी राज्यकारभार पेशव्यांकडे आणि वंश छत्रपतींचा चालविण्याचे सांगितले. पण पेशव्यांच्याच घरात दोन हक्कदार उभे राहिले तर काय, याला त्यांत उत्तर नव्हते आणि त्या घडीला असण्याचे कारणही नव्हते.

या घटनेचा सर्वांत सावध वाचक, विरोधाभास वाटला तरी, कंपनीच होती. १७७५ मध्ये तिच्या मुंबईच्या नोकरांनी वस्त्रे गेलेल्या रघुनाथरावांना पेशवा मानले. १८०३ मध्ये तिने पेशव्याला कोणाचाही बांधील नसलेला सत्ताधीश मानले. आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये एलफिन्स्टनने जाहीरनाम्याने बाजीरावांची सत्ता संपुष्टात आणताना साताऱ्याच्या महाराजांना मुक्त करून राज्य देण्याचे वचन दिले, म्हणजे पेशवा हा नोकर होता आणि धनी निराळा, हा जुना संकेत उचलून धरला. तीन प्रसंगी तीन अर्थ, आणि तिन्ही वेळी लाभ एकाचाच. ज्या संकेताला आपले अभ्यासक पोकळ म्हणतात तो शत्रूला मात्र तीन वेळा वापरण्याइतका भरीव वाटला.

त्यानंतर साताऱ्याला लेखी घटनाच मिळाली म्हणावयाची. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांचे अधिकार आणि बंधने कलमवार लिहिली गेली. परसत्तेशी पत्रव्यवहार करावयाचा नाही हे त्यांतले एक. १८३९ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपासह इतर आरोप ठेवून, त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन त्या तहाच्या कलमांवरून वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. ते तेथे असतानाच, १८४८ मध्ये, दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले.